मर शोधली, अमरावती सापडली

गेल्या डिसेंबरात शेजारच्या काकाजींच्या वावरात शेंगांवर आलेली तूर उभ्याउभी वाळू लागली, तेव्हा ते संध्याकाळी वाचनालयात आले आणि म्हणाले, "भाऊ, याच वावरात मांगं एकदा असंच झालतं. थो फोटो तुह्याजवळ असन, काढ बरं." फोटो माझ्याजवळ आहे याविषयी मलाही शंका नव्हती. मी लॅपटॉप उघडला आणि शोधाच्या चौकटीत 'मर' ही दोन अक्षरे टाकली, कारण तुरीच्या या रोगाला मर म्हणतात. पडद्यावर आधी आले ते अमरावतीच्या कृषी प्रदर्शनातले फोटो, मग उमरखेडला एका लग्नाला जाताना वाटेत काढलेले हळदीचे वावर, मग उमरेडहून आणलेल्या जुन्या पेरणीयंत्राचे चार फोटो, आणि या गर्दीत मधूनमधून खरोखरची मर. अमरावती, उमरखेड आणि उमरेड या तिन्ही नावांच्या पोटात 'मर' दडलेली आहे, हे इतकी वर्षे विदर्भात राहून मला त्या संध्याकाळी प्रथम कळले. काकाजी पाहत होते. ते हसले नाहीत.

त्यांना हवा असलेला फोटो त्या यादीत नव्हताच. शेवटी तारखेच्या अंदाजाने एकेक फोटो सरकवत गेलो आणि त्यांनीच मागच्या धुऱ्यावरचे दोन फांद्यांचे निंबाचे झाड पाहून त्यावर बोट ठेवले. त्या फोटोला टॅग, म्हणजे ओळखीसाठी लावलेले शब्द, होते 'तूर', 'वाळली' आणि गावाचे नाव. 'मर' हा शब्द कोणी लिहिलेलाच नव्हता. एकाच शोधात दोन्ही बाजूंनी घात झाला होता: जे यायला नको ते आले आणि जे यायला हवे ते राहून गेले. टॅगांची ही साठवण मी काही वर्षांपूर्वी घाईघाईने उभी केली होती. ती मोडून नव्याने कशी बांधली, ते इथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

जुना फोटो काकाजींना आठवण म्हणून नको होता. मर रोगाची फ्युजॅरियम बुरशी जमिनीत राहते आणि पीक निघून गेल्यावरही अनेक वर्षे मातीत तग धरते. त्यामुळे कोणत्या वावराच्या कोणत्या कोपऱ्यात कोणत्या साली मर होती हे ठाऊक असले, तर तिथे काही वर्षे तूर टाळता येते, नाहीतर बीएसएमआर ७३६ सारखे मर सहन करणारे वाण घेता येते. कोपरा ओळखायला फोटोतले निंबाचे झाड पुरते, वर्ष ओळखायला तारीख पुरते. मात्र अकरा हजार फोटोंमधून तो एक फोटो वर यायला हवा.

अकरा हजार फोटो माझ्याकडे कसे आले, तेही सांगायला हवे. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी सार्वजनिक वाचनालय सांभाळतो आणि पाच एकर कोरडवाहू शेती करतो. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीचे मोठे नुकसान केले. त्या वर्षी आमच्या गावातल्या शेतकऱ्यांनी डोमकळ्यांचे फोटो एकमेकांना पाठवायला सुरुवात केली. अळीने पाकळ्या आतून गुंफून टाकल्या की फूल पुरते उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. त्यालाच डोमकळी म्हणतात, आणि ती दिसली की अळी वावरात शिरली असे समजावे. तेव्हापासून गावाच्या व्हॉट्सॲप गटावर जे जे येते ते मी उतरवून ठेवत आलो आहे. आधी वर्षवार फोल्डर केले. पण एकाच फोटोत तूरही असते, सोयाबीनही असते आणि बंडी म्हणजे बैलगाडीही असते, तेव्हा तो कोणत्या फोल्डरात ठेवायचा हा प्रश्न रोजचा झाला, म्हणून मी टॅगांकडे वळलो.

पहिली रचना अगदी साधी होती. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये एकच टेबल, प्रत्येक फोटोसाठी एक ओळ, आणि 'टॅग' नावाच्या एका कॉलममध्ये स्वल्पविराम देऊन लिहिलेले सगळे शब्द. शोधायचे झाले की त्या मजकुरात कुठेही तो शब्द आहे का, एवढेच संगणक पाहणार. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल, म्हणजे टेबलांत माहिती ठेवणाऱ्या, डेटाबेसची मांडणी केली तेव्हाच एका खणात एकच मूल्य असावे, मूल्यांची माळ नसावी, हा आग्रह धरला होता. तो मी वाचलेला होता. तरीही मला काय फरक पडतो, असे म्हणून सोडून दिला होता. फरक अमरावतीएवढा पडला. 'तूर' शोधली की लातूर, 'गाय' शोधली की गायरान. यावर एक जुगाड आहे: मजकुराच्या दोन्ही टोकांना स्वल्पविराम लावायचा आणि ',मर,' असे स्वल्पविरामांसकट शोधायचे. त्याने अमरावती टळते. पण कोणी स्वल्पविरामानंतर एक मोकळी जागा सोडली की मरही टळते.

अशा कॉलमविरुद्ध वेगाचे कारण नेहमी पुढे केले जाते. पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची पहिल्या अक्षरावर लावलेली असते, शब्दाच्या पोटातले अक्षर हवे असेल तर सगळे पुस्तक चाळावे लागते. तसेच शब्दाच्या आधी 'काहीही चालेल' असे सांगितले की डेटाबेसची अशी सूची, म्हणजे इंडेक्स, निकामी होतो आणि डेटाबेस प्रत्येक ओळ वाचत सुटतो. हे खरे आहे, परंतु अकरा हजार ओळी माझ्या जुन्या लॅपटॉपवरही डोळ्याची पापणी लवेपर्यंत वाचून होतात. मला वेगाची तक्रार कधीच नव्हती. तक्रार ही होती की उत्तर चुकीचे येत होते आणि एखादा टॅग बदलायचा झाला तर शेकडो ओळींतला मजकूर कापून पुन्हा शिवावा लागत होता.

तेव्हा तीन टेबले केली. एका टेबलात फोटो, दुसऱ्यात टॅग, आणि तिसऱ्यात 'या क्रमांकाच्या फोटोला या क्रमांकाचा टॅग' अशा जोड्या. वाचनालयात काम करणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही: सभासदांची वही वेगळी, पुस्तकांची वही वेगळी आणि देवघेवीची वही तिसरी, असे आम्ही कायमच करतो. जोड्यांच्या टेबलात फोटो आणि टॅग हे दोन क्रमांक मिळून प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख, केली, म्हणजे एकच टॅग एका फोटोला दोनदा लागत नाही. आणि टॅग आधी, फोटो नंतर असा उलट्या क्रमाचा एक इंडेक्स वेगळा केला, कारण एका फोटोचे टॅग पाहणे आणि एका टॅगचे फोटो पाहणे हे दोन निरनिराळे रस्ते आहेत. एसक्यूलाइटमध्ये एक खोच मात्र आहे. फॉरिन कीचा, म्हणजे नसलेल्या फोटोची जोडी राहू न देण्याचा, नियम टेबलात लिहिला तरी तो आपोआप पाळला जात नाही. दर वेळी जोडणी उघडताना तो चालू करा असे सांगावे लागते. हे न कळल्यामुळे मी काही फोटो खोडले तरी त्यांच्या जोड्या मागे राहिल्या. पुस्तक फाडून टाकले आणि देवघेवीच्या वहीत ते अजून कोणाच्या तरी नावावर आहे, तसे.

टेबलांची नावे मी देवनागरीतच ठेवली आहेत. एसक्यूलाइटला ती चालतात.

आता सगळे सुरळीत होईल असे वाटले आणि पऱ्हाटीने अडवले. आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. टॅगांच्या टेबलात नाव एकमेव असावे असा नियम मी घातला होता, तरीही यादीत 'पऱ्हाटी' दोनदा दिसत होती आणि दोन्हींचे फोटो वेगवेगळे होते. पुढेमागे मोकळी जागा नव्हती. मोठ्या अक्षरांत करून पाहिले, एकही काना-मात्रा वेगळी नव्हती. मग दोन्ही शब्दांची लांबी विचारली, तर एकाची सात चिन्हे आणि दुसऱ्याची आठ. बाइट (साठवणीचे एकक) मोजले तर २१ आणि २४. गोम त्या आडव्या रफारात होती. 'ऱ्ह' दोन रीतींनी लिहिता येतो. यूनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, मराठीच्या या र साठी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर ०९३१ या क्रमांकावर आहे. ते, मग हलन्त, मग ह, ही एक रीत. साधा र, मग हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचे रुंदी नसलेले जोडचिन्ह, मग ह, ही दुसरी रीत, जुन्या यूनिकोडशी जुळवून घेण्यासाठी राखलेली. एका मोबाइलचा कीबोर्ड पहिली रीत टंकतो, दुसऱ्याचा दुसरी. माणसाच्या डोळ्यांना 'पऱ्हाटी' आणि 'पर्‍हाटी' एकच. डेटाबेसला मात्र दोन, कारण तो बाइट पाहतो.

यावर यूनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एका रूपात आणणे, हा उपाय सगळीकडे सांगितलेला सापडतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत त्यासाठी एका ओळीचे काम आहे, आणि साधा र अधिक खालचा नुक्ता अशी कोणी मोडतोड केली असेल तर ते प्रमाणीकरण तिचा मुकाट्याने 'ऱ' करते. परंतु जोडचिन्हाला ते हात लावत नाही. मग मी सगळी अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकली, आणि तीही चूक ठरली: जोडचिन्ह गेल्यावर र आणि ह यांचा डोक्यावरचा रफार होतो आणि 'पर्हाटी' असा तिसराच शब्द जन्माला येतो. क्रम महत्त्वाचा आहे. आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तिकडी सापडेल तिथे 'ऱ' आणि हलन्त ठेवायचे. त्यानंतर उरलेली अदृश्य चिन्हे काढायची. मग प्रमाणीकरण करायचे. याच पंक्तीत 'ॲ' बसतो. तो एकच अक्षर म्हणूनही लिहितात आणि अ वर चंद्र देऊनही लिहितात, प्रमाणीकरण या दोघांना एक मानत नाही, त्यामुळे चाऱ्यासाठी लावलेल्या ॲझोलाचेही माझ्याकडे दोन टॅग झाले होते. 'बोंडअळी' आणि 'बोंड अळी' यांच्यातली मोकळी जागाही काढावी लागली. हे सगळे संस्कार झालेला शब्द मी 'शोधकिल्ली' नावाच्या वेगळ्या कॉलममध्ये ठेवतो आणि एकमेवपणाचा नियम त्या कॉलमवर लावतो. लोकांनी लिहिलेला शब्द आहे तसा शेजारी राहतो.

(यादी वर्णमालेप्रमाणे लावायला सांगितली की ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, ह च्या नंतर येत नाही. मी त्याचा नाद सोडला आहे.)

इथवरचे सगळे लेखनातले भेद होते. खरा घोटाळा मी पुढे स्वतःहून केला. पऱ्हाटी, पराटी, कपाशी आणि कापूस हे चार टॅग पाहून मला वाटले की वस्तू एकच आहे, तेव्हा चारांचा एक करावा. चारही टॅगांच्या जोड्या 'पऱ्हाटी'कडे वळवल्या. ज्या फोटोला दोन टॅग आधीच होते तिथे जोडी दुबार होऊन प्रायमरी की आडवी आली, तर तिथे 'आधीच असेल तर सोडून दे' असे सांगून पुढे गेलो आणि उरलेले टॅग खोडून टाकले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी पऱ्हाटीवरच्या लाल पानांचे फोटो मागितले, तर वेचणीचे, गंजीचे, बंडीत भरलेल्या कापसाचे फोटो समोर आले. काकू म्हणाल्या, "कापूस घरात येते, पऱ्हाटी वावरात उभी राह्यते. थे एक कसं होईन?" त्यांचे बरोबर होते. पराटी आणि पऱ्हाटी हे एकाच वस्तूचे दोन उच्चार आहेत, कपाशी हे कृषी विभागाच्या पत्रकांतले पिकाचे नाव आहे, आणि कापूस हा त्या पिकाचा माल आहे. पण आता उलटे फिरणे शक्य नव्हते, कारण कोणत्या फोटोला मुळात कोणता शब्द लावला होता हे मी स्वतःच पुसले होते. दोन संध्याकाळी बसून ते फोटो डोळ्यांनी वेगळे केले.

तेव्हा कुठे मला या सगळ्या प्रकरणातले मुख्य कळले: टॅग म्हणजे शब्द नव्हे. शब्द ही टॅगची एक हाक आहे, आणि साठवताना वस्तू व हाक या दोन्ही राखायला हव्यात. म्हणून चौथे टेबल आले, 'नावे'. टॅगांच्या टेबलात आता नुसता क्रमांक आणि दाखवण्यापुरते एक मान्य नाव आहे. त्याची बाकी सगळी नावे, चुकीच्या लेखनासकट, या चौथ्या टेबलात आहेत. आणि फोटो-टॅगच्या जोडीत मी एक कॉलम वाढवला: हा टॅग लावताना माणसाने कोणते नाव वापरले होते. एखादे एकत्रीकरण चुकले तर आता ते नावाच्या आधारे परत सोडवता येते. जागा म्हणाल तर एका जोडीमागे एक लहानसा आकडा, तो नगण्य आहे.

या रचनेचा खरा कस अळीने लावला. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा ही एकच कीड कपाशीवर आली की तिला हिरवी बोंडअळी म्हणतात, हरभऱ्यावर आली की घाटेअळी, आणि तुरीवर आली की शेंगा पोखरणारी अळी. ही तीन नावे एका टॅगची मानावीत, की हे तीन टॅग मानावेत? कीड एकच असल्यामुळे टॅग एकच असावा, असे मी ठरवले. एका वावरातून दुसऱ्या वावरात, एका पिकावरून दुसऱ्या पिकावर तीच जाते आणि हे फोटो शेजारीशेजारी दिसण्यातच फायदा आहे. मात्र 'घाटेअळी' या शब्दात हरभरा गृहीत धरलेला असतो, आणि नुसता किडीचा टॅग ठेवला तर ते गळून पडते. म्हणून नावांच्या टेबलात 'सोबतचा टॅग' असा एक ऐच्छिक कॉलम आहे: कोणी घाटेअळी असे लिहिले की किडीच्या टॅगसोबत 'हरभरा' लावू का, असे संगणक विचारतो. आपोआप लावत नाही. कारण एकदा एका पोराने टोमॅटोवरच्या अळीलाही घाटेअळी लिहिले होते, आणि अळी तीच होती.

नाती ठेवण्याविषयी मी फार विचार केला आणि थोडेच केले. प्रत्येक टॅगला एक 'वरचा टॅग' द्यायचा, म्हणजे झाड तयार होते. आणि एसक्यूलाइटला स्वतःलाच पुन्हा हाक मारणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहून मुळापासून पानापर्यंत जाता येते. परंतु गुलाबी बोंडअळीचा वरचा टॅग कोणता, कीड की कपाशी? दोन्ही. एका मुलाला एकच बाप असलेले झाड इथे पुरत नाही. ग्रंथपालाला अशा वेळी ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन आठवतात. १९३३ साली त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण ही पुस्तकांच्या वर्गवारीची पद्धत प्रसिद्ध केली. एका विषयाला एकाच खणात कोंबण्याऐवजी त्याला निरनिराळ्या बाजूंनी पाहावे ही त्यामागची दृष्टी होती, आणि या बाजूंची त्यांनी पुढे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ अशी पाच मूलतत्त्वे केली. माझ्या वावरात मी ती अशी उतरवली: प्रत्येक टॅगला एक बाजू असते. पीक, झाडाचा भाग, लक्षण, कारण, काम, अवजार. वरखालची नाती फक्त एका बाजूच्या आत ठेवायची, तीही एकाच पायरीची. बोंडअळीखाली गुलाबी, हिरवी आणि ठिपक्यांची, बस्स. डवरा आणि वखर यांच्यावर 'अवजार' पुरे, त्याच्यावर आणखी काही रचण्याची गरज आजवर पडली नाही.

त्या एका पायरीनेही एकदा फसवले. दोन टॅग एकत्र असलेले फोटो काढण्याची रूढ रीत अशी आहे की दोन्ही टॅगांच्या जोड्या गोळा करायच्या, फोटोप्रमाणे त्यांचे गट पाडायचे आणि ज्या गटात दोन वेगवेगळे टॅग असतील तेवढे ठेवायचे. मी 'बोंडअळी' आणि 'तूर' असे शोधले. बोंडअळी म्हणजे तिच्याखालच्या तिन्ही अळ्याही, असे क्वेरीला सांगितलेले होते. आलेल्या फोटोंत तुरीचे पानही नसलेले कपाशीचे फोटो निघाले. ज्या फोटोत गुलाबी आणि हिरवी या दोन्ही अळ्या होत्या, तिथे बोंडअळीच्या एका मागणीनेच दोनाची संख्या भरून काढली होती. मोजणी टॅगांची नको, मागण्यांची हवी. आता मी प्रत्येक मागणीसाठी 'या फोटोला या कुळातला एक तरी टॅग आहे का' असे स्वतंत्रपणे विचारतो. क्वेरी लांबते, पण तिचा अर्थ वाचताच कळतो.

टॅग कोणी लावला, हे आधीच्या रचनेत कुठेच नव्हते. ते असणे किती गरजेचे आहे ते लाल्याने दाखवले. पऱ्हाटीची पाने लाल पडली की गावात सगळे लाल्या म्हणतात. लाल्या ही विकृती मॅग्नेशियम आणि नत्राच्या कमतरतेने, बोंडे भरताना पडलेल्या पाण्याच्या ताणाने, रात्रीच्या थंडीने येते. पण तुडतुड्यांनी रस शोषला तरी पानांच्या कडा लाल होऊन आत वळतात. एका फोटोला शेतकऱ्याने 'लाल्या' आणि कृषी सहायकाने 'तुडतुडे' असे लिहिले. मी कोणाचे खोडायचे? फवारणी करायची की खत द्यायचे हे त्यावर ठरते, आणि मी वाचनालयवाला. त्यामुळे जोडीच्या प्रायमरी कीमध्ये टॅग लावणाऱ्याचा क्रमांकही घेतला, सोबत तारीख आणि 'खात्री' नावाचा एक कॉलम, ज्यात 'पाहिले', 'अंदाज' आणि 'तपासले' एवढेच तीन पर्याय आहेत. दोघांचीही मते एका फोटोवर शेजारी नांदतात. शिवाय 'लाल पान' हे लक्षण म्हणून वेगळे लावले जाते, त्यावर कोणाचाच वाद नसतो.

तारीख आणि ठिकाण यांना मी टॅग होऊ दिले नाही. '२०१९' किंवा 'सप्टेंबर' असे टॅग लोक लावतात, पण 'पोळ्याच्या आधीचे दोन आठवडे' असे शोधायचे असेल तर खरी तारीख लागते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ आणि जागा निघून गेलेली असते; फाइलच्या नावातले आठ आकडे पाठवण्याचा किंवा येण्याचा दिवस सांगतात, काढण्याचा नव्हे. म्हणून दोन कॉलम, 'काढला' आणि 'आला'. पहिला रिकामा राहिला तरी चालतो, दुसऱ्यावरून भरून काढायचा नाही. महत्त्वाचा फोटो असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, असे गटावर सांगून ठेवले आहे, त्यात मूळ नोंदी टिकतात. वावराचा गट नंबर मात्र वेगळ्या टेबलात आहे आणि गटावर फिरणाऱ्या यादीत तो जात नाही. कोणाच्या वावरात काय पडले आहे हे बाजारात कळण्याचे कारण नाही.

फोटो स्वतः डेटाबेसमध्ये नाहीत, फोल्डरमध्ये आहेत, आणि डेटाबेसमध्ये फक्त मूळ फोल्डरपासून पुढचा पत्ता आहे. पूर्वी संपूर्ण पत्ता लिहीत असे. बाहेरच्या डिस्कचे अक्षर बदलले आणि एका सकाळी अकरा हजार फोटो बेपत्ता झाले. टॅग एकेक न लिहिता एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये गठ्ठ्याने लिहितो, त्याने काम झपाट्याने होते आणि मधेच लाइन गेली तर अर्धवट काही उरत नाही, पुन्हा उघडल्यावर डेटाबेस आपला आपण मागच्या ठिकाणी येतो. लॅपटॉपची बॅटरी मेली आहे, त्यामुळे हे मी पाच-सहा वेळा अनुभवले आहे.

हे सगळे उभे राहायला पावसाळा उजाडला. आता 'मर' टाकले की शोधकिल्ली नावांच्या टेबलात अख्खा शब्द जुळवते, त्यामुळे अमरावती येत नाही. राहिला काकाजींच्या 'वाळली'चा प्रश्न. ते नाव मी मर या टॅगला जोडलेले नाही. तूर मर रोगाने वाळते, मूळकुजीने वाळते, नुसत्या पाण्यावाचूनही वाळते. तेव्हा 'वाळणे' हे लक्षणाच्या बाजूला गेले आहे, आणि मर शोधणाऱ्याला खाली एक ओळ दिसते की हेच लक्षण असलेले पण कारण न लावलेले इतके फोटो आहेत, पाहायचे का. डिसेंबरात आम्ही त्याच वावरातले एक झाड उपटून खोड उभे चिरले होते, आत काळपट तपकिरी रेषा वर चढत गेलेल्या स्पष्ट दिसत होत्या. तो फोटो 'मर' या टॅगखाली 'तपासले' म्हणून आहे. जुन्या फोटोच्या वेळी खोड कोणी चिरले नव्हते. तो काकाजींना दाखवून विचारले, तेव्हा त्यांनी थोडा वेळ निंबाच्या झाडाकडे पाहिले आणि म्हणाले, "लिही मर. पण मायं नाव टाक, तुहं नोको." मग त्या ओळीत मर, त्यांचे नाव, आणि खात्रीच्या रकान्यात 'अंदाज' असे भरले.